बाण जाईल तिकडे साइट

बाण लक्ष्याच्या केंद्राच्या वर लागला, तर धनुष्यावरची साइट वर सरकवावी की खाली? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. 'बाण खाली आणायचा, म्हणजे साइट खाली,' असे उत्तर बरेचदा येईल. ते चूक आहे. का, ते पाहू या.

ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्याच्या मुठीला साइट स्क्रूने बसवलेली असते. तिच्यात एक उभी पट्टी असते व पट्टीवर वर-खाली आणि आडवी सरकणारी छोटी कडी. धनुर्धर कडीतून पाहत ती केंद्रावर आणतो. आता कडी वर सरकवली, तर ती पुन्हा केंद्रावर आणण्यासाठी धनुष्याचा हात खाली घ्यावा लागेल. हात खाली, म्हणून बाणही खाली. डावी-उजवीकडेही हाच नियम: बाण जिकडे गेला, तिकडे साइट सरकवावी.

किती सरकवावी? समरूप त्रिकोण आठवा. डोळ्यापासून कडी समजा ९० सेंमी आणि लक्ष्य ७० मीटर दूर आहे. कडी १ मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर फरक पडेल सुमारे ७८ मिलिमीटरचा! लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२२ मिलिमीटरच असतो.

पट्टी उभी का हवी, हेही पाहू. बाणाचा वेग सेकंदाला ६० मीटर धरला, तर ७० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे तो नेमाच्या सरळ रेषेपासून साडेसहा मीटरहून अधिक खाली येतो. म्हणून दूरच्या लक्ष्यासाठी कडी खाली घेऊन हात उचलावा लागतो. पट्टी तिरपी बसली असेल, तर कडी खाली येताना बाजूलाही सरकते. मग ३० मीटरवर अचूक लागणारा बाण ७० मीटरवर डावी-उजवीकडे जातो. तपासणी सोपी आहे. धनुष्याच्या मागे उभे राहून दोरी धनुष्याच्या मधोमध दिसेल असे पाहा आणि कडी वरपासून खालपर्यंत न्या. दोरीपासून तिचे अंतर सर्वत्र सारखे दिसले पाहिजे.

आता एक प्रयोग. खिडकीच्या काचेवर शाईचा ठिपका काढा. एक डोळा मिटून तो दूरच्या एखाद्या फांदीवर आणा. डोके किंचित हलवताच ठिपका दुसऱ्याच फांदीवर जाईल. म्हणूनच धनुर्धर प्रत्येक वेळी दोरी हनुवटीवर ठरलेल्या जागीच टेकवतो. डोळ्याची जागा बदलली, तर साइट कितीही नीट बसवलेली असली तरी व्यर्थ.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एक बाण चुकला म्हणून लगेच स्क्रू फिरवू नये. आधी सहा बाण सोडावेत. सहाही एकाच बाजूला जवळजवळ लागले, तर चूक साइटची. त्या पुंजक्याचा मध्य पाहून ती सरकवावी. बाण चहूकडे विखुरले, तर साइट हलवून काही साधणार नाही. तिथे सराव हवा. प्रयोगशाळेतही आपण एकाच मोजमापावर विसंबत नाही. सतत एकाच दिशेने होणारी चूक आणि इकडेतिकडे होणारी चूक यांतला फरक विद्यार्थ्यांना मैदानावर सहज समजेल.