काडेपेटीचा फोन आणि आम्लाचं भांडं

मार्कंड्याला वैनगंगेच्या वाळूत दोन पोरं काडेपेट्यांचा फोन खेळू शकतात. दोरा मात्र ताणलेला हवा; मध्येच बोट लावलं, की कंपनं तिथेच थांबतात आणि फोन मुका. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १० मार्च १८७६ रोजी बोस्टनमध्ये दोऱ्याचं काम विजेवर सोपवलं. पातळ पडद्याला जोडलेली तार आम्ल मिसळलेल्या पाण्यात टेकलेली. बोललं की पडदा थरथरे, तार खालीवर होई, पाण्यातला विजेचा रोध बदले आणि प्रवाह आवाजाबरहुकूम कमीजास्त होई. पलीकडे त्याच्या मदतनीसाला, वॉटसनला, शब्द कळले! पण आम्लाचं भांडं घरात कोण ठेवणार? विक्रीला आले ते चुंबकावर चालणारे फोन. १८८२ साली मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं.