उंदीर आपल्या हाताचा



उंदीर म्हटला की आपल्याला कणगी आठवते आणि तिच्यातली नासाडी. आज ज्या उंदराविषयी चार शब्द बोलायचे आहेत तो मात्र धान्य खात नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत संगणकाशेजारी तो तुम्ही पाहिला असेल. त्याला म्हणतात माऊस. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस बनवला. तो होता लाकडी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्को येथे तो लोकांना चालवून दाखवला गेला.

आता वर्गात या. एखादी मुलगी डावखुरी असते. पाटीवर झरझर लिहिते, पण संगणकापुढे बसली की चाचपडते. आपण चटकन म्हणतो, "हिला हे जमायचे नाही." गुरुजी, जरा थांबा. दोष मुलीचा की अवजाराच्या जुळणीचा? औताची जुळणी आपण बैल आणि जमीन पाहून करतो. मग माऊसचीच का करू नये?

विंडोज ११ असलेल्या संगणकात सेटिंग्ज उघडा. तेथे 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'माऊस' असे सापडेल. पहिलीच ओळ मुख्य बटणाची आहे. तेथे डाव्याऐवजी उजवे बटण निवडा आणि माऊस डाव्या बाजूला ठेवा. आता त्या मुलीची तर्जनी बरोबर मुख्य बटणावर येईल. मात्र ध्यानात असू द्या, त्या क्षणापासून निवडण्याचे काम उजवे बटण करते. डावे दाबून "यंत्र बिघडले" अशी ओरड करू नका! शाळेत संगणक एक आणि मुले अनेक, मग कसे? हा बदल ज्याच्या त्याच्या खात्यापुरता राहतो. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळे खाते काढा, म्हणजे इतरांचा खोळंबा होणार नाही.

त्याच पानावर बाणाचा वेग ठरवायची पट्टी आहे. हात थोडा हलला की बाण पडद्याच्या पार टोकाला पळतो का? पट्टी डावीकडे सरकवा. बाण सावकाश चालेल.

काही कामांना बटण लागोपाठ दोनदा दाबावे लागते. म्हाताऱ्या किंवा थरथरत्या हाताला ती घाई साधत नाही, आणि संगणक त्या दोन दाबण्या वेगवेगळ्या समजतो. त्यासाठी कंट्रोल पॅनलमधला 'माऊस' उघडा. 'बटन्स' या भागात दुहेरी दाबणीचा वेग कमी करता येतो. शेजारीच फोल्डरचे चित्र आहे. दोनदा दाबल्यावर ते उघडले की समजा, जुळणी बसली.

एक साधी गोष्ट राहिली. खालून उजेड टाकणारा माऊस काचेवर किंवा चकचकीत टेबलावर अडखळतो. खाली साधा कागद किंवा वहीचा पुठ्ठा ठेवा. सेटिंग्जला हात लावण्याआधी हे करून पाहावे हे बरे.

तर मंडळी, उद्या कोणी संगणकापुढे अडले, तर "तुला येत नाही" असे म्हणण्याआधी त्याचा हात कोणता आणि जुळणी कोणाची, एवढे पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. तेवढ्यापायी एका मुलीचे मन खचू नये.