गोठवण्याच्या उपचारात वायुदाबाचे महत्त्व
गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व पेशी गोठवून नष्ट करण्याच्या उपचारास क्रायोथेरपी म्हणतात. सिलिंडरमधील दाबयुक्त नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वायू उपकरणाच्या टोकाशी सूक्ष्म छिद्रातून सुटताच प्रसरण पावतो व टोक अतिथंड होते. ३ मिनिटे गोठवणे, ५ मिनिटे बर्फ वितळू देणे आणि पुन्हा ३ मिनिटे गोठवणे, असा क्रम असतो. मध्येच दाब उतरल्यास पृष्ठभागावर बर्फ दिसतो. परंतु खोलवरच्या विकृत पेशी जिवंत राहू शकतात. म्हणून प्रत्येक उपचारापूर्वी दाबमापक तपासणे व भरलेला सिलिंडर राखीव ठेवणे आम्ही अनिवार्य मानतो. देणगीदारांच्या साहाय्याचा काही अंश या अदृश्य वायूवर खर्च होतो, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.