हरलेले वसूल करण्याचा नाद

रात्री दोन वाजता अंथरुणात मोबाइलवर रमीचा डाव रंगतो. पाचशे रुपये जातात. ते भरून काढायला हजार लावले जातात. खरा धोका इथे सुरू होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी घातली. पण बंदीने नाद सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. घरच्यांपासून व्यवहार लपवणे, उधारी वाढणे, खेळ थांबवताच चिडचिड होणे, ही धोक्याची चिन्हे. अशा वेळी यूपीआयची मर्यादा कमी करावी आणि घरातल्या एकाला तरी कर्जाचा खरा आकडा सांगावा.

मानसोपचारतज्ज्ञ समुपदेशनाने यावर उपचार करतात. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.