शिळ्या कढीला ऊत?

परवा शनिवारी रात्री जेवणं आटोपली आणि आमच्या कॉलेजकन्येने फर्मान काढलं, "बाबा, आज 'सायको' बघू या." मी खूश! पण तिला हवा होता १९९८चा, गस व्हॅन सँटचा रंगीत 'सायको'. हिचकॉकचा १९६०चा कृष्णधवल चित्रपट म्हणजे तिच्या लेखी आजोबांच्या ट्रंकेतली वस्तू. अखेर तह झाला. आधी नवा, मग जुना.

व्हॅन सँटने पटकथा तीच घेतली, संगीत बर्नार्ड हरमनचंच, कॅमेऱ्याचे कोनही बहुतेक तेच. रंग तेवढा नवा. न्हाणीघरातला तो प्रसिद्ध खून चालू असताना कन्या पाणी प्यायला उठली! मग जुना लावला. खून कुठे, कसा, कोण करणार, सगळं तिला ठाऊक होतं. तरी नेमक्या त्याच प्रसंगाला तिने माझं मनगट घट्ट धरलं. हिचकॉकने रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं होतं. पडद्यावर ते नुसतं काळपट दिसतं. त्यात लाल रंग भरतो तो आपण, मनातल्या मनात.

"शिळ्या कढीला ऊत आणायचा कशाला मेला?" आतल्या खोलीतून आईने निकाल दिला.

निकाल पटला. पण मान डोलावता डोलावता मला 'द फ्लाय' आठवला आणि मी थबकलो.

१९५८च्या मूळ चित्रपटात एक शास्त्रज्ञ वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवणारं यंत्र बनवतो. स्वतःवर प्रयोग करताना आत माशी शिरते आणि एका क्षणात त्याचं डोकं आणि एक हात माशीचा होतो. एक अपघात, एक किंकाळी. १९८६ साली डेव्हिड क्रोनेनबर्गने हीच गोष्ट घेतली आणि एकच मोठा बदल केला. त्याचा नायक हळूहळू बदलतो. आधी अंगात भलतीच ताकद येते. मग नख निघतं, दात पडतात, कान गळतो. तो स्वतःवर विनोद करतो आणि त्याच्यावर प्रेम करणारी बाई हे सारं असहायपणे बघत राहते.

मी तो चित्रपट पाहिला तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. आधी हातातून चमचा सुटू लागला, मग नावं विसरू लागली, मग आम्ही. चित्रपट पाहताना मी माशी केव्हाच विसरलो होतो. घरात ज्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, ते समोर पडद्यावर चाललं होतं. जुना 'द फ्लाय' मला हे कधीच सांगू शकला नसता. त्याची भीती वेगळी होती.

तेव्हा मला वाटतं, जुना भयपट पुन्हा काढायला हरकत नाही. काढणाऱ्याची स्वतःची काही भीती असली पाहिजे. नुसती उसनी भीती रंगवून कुणी घाबरत नाही. ताक कालचं चालेल, फोडणी आजची हवी.

हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग ती शिळी कुठे राहिली?"

कन्या आता 'द फ्लाय' बघायचा म्हणते. जुना तू एकटी बघ, म्हटलं. नवा मात्र आपण दोघं मिळून बघू.