दोन सेंटीमीटरचा गंधार

एक मीटरभर लांब फळी, एक खिळा, एक जाड स्क्रू, एक पोलादी तार आणि औषधाच्या तीन रिकाम्या काचेच्या बाटल्या. स्लाइड गिटार शिकायची तर पहिले पंधरा दिवस एवढ्यावर भागतं. गिटार नंतर.

अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या सपाट मुलखात, काळ्या शेतमजुरांची पोरं असंच करायची. केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवायची, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, दोन्ही टोकांखाली बाटली किंवा विटेचा तुकडा सारायचा. एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हातातली बाटली तिच्यावरून फिरवायची. त्याला तिकडे ‘डिडली बो’ म्हणतात. पुढे नावारूपाला आलेल्या कितीतरी ब्लूज वादकांचं पहिलं वाद्य हेच होतं. आपल्याकडच्या तुणतुण्याचा हा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की गोंधळ्याचं तुणतुणं एकच सूर धरून ताल देतं, आणि ही तार गाऊ लागते.

आमच्या इंदापूर तालुक्यात तारेला तोटा नाही, पण हाताशी असलेली प्रत्येक तार चालत नाही. द्राक्षाच्या मांडवाची तार फार जाड, ती वाजतच नाही. बांधकामावरची बाइंडिंग वायर मऊ. ताणली की लांबत जाते आणि सूर उतरत राहतो. सरळ बारामतीहून गिटारची दुसऱ्या नंबरची सुटी तार आणावी. तिच्या टोकाची गोळी खिळ्यात अडकवायची, दुसरं टोक ऐंशी सेंटीमीटरवरच्या स्क्रूला पाच-सहा वेढे देऊन बांधायचं. दोन बाटल्या तारेखाली आडव्या सारायच्या, त्यांच्यात बरोबर साठ सेंटीमीटर अंतर ठेवायचं आणि स्क्रू पिळत तार चढवायची. चढवताना तोंड बाजूला. तुटलेली तार डोळा पाहत नाही.

साठ सेंटीमीटर का, तर हिशेब सोपा पडतो म्हणून. मोकळी तार म्हणजे सा. डावीकडच्या बाटलीपासून मोजून पेन्सिलीने फळीवर खुणा करा: दहा सेंटीमीटरवर कोमल गंधार, बारावर शुद्ध गंधार, पंधरावर मध्यम, विसावर पंचम, आणि तिसावर, म्हणजे बरोबर मध्यावर, तार षड्ज. उरलेली तार जितकी आखूड तितका सूर उंच. निम्मी राहिली की वरचा सा, दोन तृतीयांश राहिली की पंचम. याला सतारीचा पडदा लागत नाही, गिटारचाही नाही. हातातली तिसरी बाटली, तिची काच हाच फिरता पडदा, तीच स्लाइड.

आता दहा आणि बाराच्या खुणांकडे पाहा. त्यांच्यामधल्या दोन सेंटीमीटरांत ब्लूजचा बराचसा जीव आहे. ब्लूज गाणारा माणूस गंधार ना पुरता कोमल लावतो, ना पुरता शुद्ध. तो मधेच कुठेतरी लावतो, आणि बहुतेक वेळा तिथे थांबतही नाही. खालून येतो, रेंगाळतो, वर सरकतो. पियानोवर ही जागाच नाही. तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये फट आहे. म्हणून पाश्चात्त्य संगीत शिकलेल्याला हा ‘निळा’ सूर समजावून सांगावा लागतो. दरबारीतला आंदोलित गंधार ऐकत वाढलेल्या कानाला समजावायचं काही कारण नाही. दोन्ही गंधार वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नये. पण सूर हा ठिपका नसून जागा असते, एवढं आपल्या कानाला आधीच ठाऊक असतं. निषादाचंही तसंच. कोमल निषादाची जागा साधारण पावणेसत्तावीसवर आहे, तिच्याभोवतीही असंच हलत राहायचं.

पंधरा दिवस रोज अर्धा तास फक्त सा ते पंचम आणि परत. आधी स्वतः गुणगुणायचं, मग काचेने ते शोधायचं. उलट करू नये. डोळे खुणांवर गेले की कान झोपतो, म्हणून आठवड्याने खुणा पुसून टाकाव्यात. मी पुसल्या तेव्हा तीन दिवस मला पंचम सापडेना. चौथ्या दिवशी सापडला तो मात्र कायमचा.

मग गिटार. मामुली, लाकडी, पोलादी तारांची चालते. नायलॉनच्या तारांची नको, काच तिच्यावर बोलत नाही. बारीक तारांचा संच काढून टाकावा आणि जाड घालावा; तेरा नंबरचा चांगला. बारीक तार काचेखाली दबते आणि खालच्या पडद्यांवर आपटून खडखडते. वरच्या हाडाच्या पट्टीपाशी तारांखाली पेन्सिलीचा तुकडा सारला की तारा थोड्या उचलल्या जातात आणि खडखड थांबते.

यानंतर खुंट्या. नेहमीची गिटार जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावतात. बोटं न ठेवता ती छेडली तर काही अर्थ निघत नाही. स्लाइडसाठी सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची: डी, जी, डी, जी, बी, डी. जी हा सा धरला तर आपल्या भाषेत प सा प सा ग प. छेडून पाहा. हा तर तानपुराच, वर गंधार घातलेला! आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, आमच्या शेळगावच्या अंगानेच. दिंडीतला विणेकरी वीणेवर चाल वाजवत नाही. तो सूर धरून चालतो आणि बाकीचे त्या सुरावर गातात. सप्ताहात तर पहारे बदलतात पण वीणा खाली ठेवत नाहीत. मोकळ्या तारांची ही गिटार नेमकं तेच काम करते. सूर कायम चालू, आणि त्याच्या अंगावर एक आवाज फिरतो.

तिकडे या लावणीला ‘स्पॅनिश’ म्हणतात. दुसरी प्रसिद्ध लावणी डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. म्हणजे सा प सा ग प सा. तिचं नाव ‘व्हेस्टापोल’. क्रिमियन युद्धातल्या सेव्हास्तोपोलच्या वेढ्यावर बेतलेली गिटारची एक रचना एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घराघरांत वाजे, ती या लावणीत असे. नाव घासत घासत व्हेस्टापोल झालं. गावाकडे नावांचं असंच होतं.

फोनवरच्या ट्यूनरने तारा लावल्या तर गंधाराच्या तारेशी एकदा कानाने भांडावं. ट्यूनर दाखवतो तो समान अंतरांच्या सप्तकातला गंधार; तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा तो सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा, चढा असतो. खुंटी किंचित उतरवा. सगळ्या तारा एकदम एकजीव होतात आणि लाकूड घुमायला लागतं.

स्लाइड करंगळीत घालायची, म्हणजे बाकीची तीन बोटं मोकळी राहतात. ती कशाची करायची याला मर्यादा नाही. ब्लूज वादक फ्रेड मॅकडॉवेलने लहानपणी आपल्या मामाला गुराच्या बरगडीचं हाड घासून केलेल्या स्लाइडने वाजवताना पाहिलं होतं. लोकगीतं गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने 1959 मध्ये मिसिसिपीतल्या कोमो गावी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. कुणी खिशातला चाकू वापरे, कुणी तांब्याच्या नळीचा तुकडा. बाटलीची मान कापायची असेल तर काचकापणीने भोवती एक रेघ ओढून आधी गरम, मग गार पाणी सोडायचं. रेघेवर तडा जातो. कड ओल्या पॉलिश पेपरवर घासायची, कोरडी कधीच नाही. काचेचा भुगा छातीत जाऊ नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हे नको असेल तर प्लंबरकडून बोटाच्या मापाचा पितळी तुकडा कापून घ्यावा. त्याचा आवाज जरा कडक येतो. मला काच आवडते.

आता हात. शिकवणीत गिटार शिकलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. बोटाने वाजवताना पडद्याच्या अलीकडे तार दाबतात. स्लाइड मात्र पडद्याच्या धातूच्या बरोबर माथ्यावर, तारांना काटकोनात धरायची. आणि दाबायची नाही, नुसती टेकवायची. स्लाइडच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला, अनामिका आणि मधलं बोट तारांवर हलकेच आडवं ठेवायचं. हे विसरलात तर काचेच्या मागचा तारेचा तुकडाही वाजतो आणि प्रत्येक सुरामागे एक भुताटकी किंचाळत येते. नवशिक्याचा स्लाइडचा आवाज गलिच्छ वाटतो त्याचं नव्वद टक्के कारण हे. सूर चुकणं उरलेल्या दहामध्ये. डावा हात वाजवण्यापेक्षा गप्प करण्याचंच काम जास्त करतो.

उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर संथ, न चुकता पडत राहतो. तळव्याची कड घोडीपाशी टेकवली की तो आवाज ढोलकीच्या धुमेसारखा बुजका होतो. पहिली दोन बोटं बारीक तारांवर गाणं वाजवतात. मात्रा सरळ दोन भागांत नाही तोडायची. तिचे तीन करा, पहिल्या आणि तिसऱ्यावर आघात द्या, दुसरा गिळा. तिश्र जातीची सवय असलेल्याला एका संध्याकाळचं काम.

चालीची चौकट बहुधा अशी: चार-चार मात्रांचे बारा तुकडे. पहिले चार मोकळ्या तारांवर, म्हणजे सा. मग दोन पाचव्या पडद्यावर, मध्यमाचे. दोन परत सा. एक सातव्या पडद्यावर पंचमाचा, एक पाचव्यावर, आणि शेवटचे दोन घरी. स्लाइड आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम धरल्या की हे तिन्ही मुक्काम सापडतात. पण खेड्यातला जुना वादक बारा मोजत बसत नसे. एकटाच गाणारा, साथीला कुणी नाही. शब्द लांबला तर तुकडा लांबला, श्वास संपला तर आखडला. मला हेच जास्त खरं वाटतं. मोजून वाजवलेला ब्लूज शाळेतल्या कवायतीसारखा ऐकू येतो.

हे वादन आलं कुठून यावर दोन मतं आहेत. डब्ल्यू. सी. हॅन्डी या बँडमास्तराने 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना एका फाटक्या माणसाला तारांवर चाकू दाबून गिटार वाजवताना ऐकलं. आत्मचरित्रात हे लिहिताना त्याला हवाईच्या वादकांची आठवण झाली. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या मुलाने 1889 च्या सुमारास गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलाद फिरवायला सुरुवात केली होती, आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. ब्लूजमध्येही ती तिथूनच आली, हे एक मत. दुसरं मत भिंतीवरच्या त्या एका तारेकडे, आणि तिच्यामागे आफ्रिकेकडे बोट दाखवतं. मला दोन्ही बरोबर वाटतात. बाटली आणि तार जिथे एकत्र येतील तिथे कुणीतरी हे करून पाहणारच. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरवणाऱ्याने कुणाला विचारलं होतं?

आपल्याकडे आली ती मांडीवरची हवाईयन गिटार. मुंबईच्या स्टुडिओंत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी ती सिनेसंगीतात रुळवली, आणि तिच्यावर वाजवलेल्या गाण्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ अजून ऐकली जाते. मांडीवरच्या पद्धतीत मींड लांब आणि स्वच्छ येते. उभ्या गिटारवर करंगळीतल्या बाटलीने ती तशी येत नाही; तिथे मींड आखूड, खरबरीत, आणि बोललेल्या शब्दासारखी. ब्लूज शिकायचा तर गिटार उभीच धरा.

शेवटचा धडा थरथरीचा. सुरावर पोचल्यावर स्लाइड स्थिर ठेवली तर सूर मेल्यासारखा वाटतो. मनगटातून ती पडद्याच्या दोन्ही बाजूंना किंचित हलवायची. फक्त वरच्या बाजूला हलवली तर सूर चढा ऐकू येतो. किती वेगाने, हे गळा ठरवतो. आंधळ्या विली जॉन्सनचं ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ ऐका. डॅलसमध्ये 3 डिसेंबर 1927 रोजी मुद्रित झालेलं. त्यात एकही शब्द नाही. माणूस नुसता हुंकारतो आणि तार त्याच्यामागे जाते, गायकाच्या मागे सारंगी जावी तशी. कुठे आवाज संपला आणि कुठे तार सुरू झाली हे काही ठिकाणी ओळखू येत नाही.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात हे गाणं आहे. त्याच्या लगेच आधी गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहां हो’. केसरबाई, आणि त्यांच्या पाठोपाठ टेक्सासचा हा आंधळा माणूस. दोन्ही ध्वनिमुद्रणं मिळून सात मिनिटांचीही नाहीत. फोनवर याच क्रमाने लावा आणि दुसरं सुरू झालं की गिटार व्हेस्टापोलमध्ये लावून सोबत वाजवायचा प्रयत्न करा. तुमचा सा त्याच्याशी जुळणार नाही. जुन्या तबकड्यांचा वेग कमीजास्त असायचा, त्यामुळे सूर दोन स्वरांच्या मध्येच कुठेतरी बसतो आणि ट्यूनरचा काटा गोंधळतो. तो बंद करा. आधी त्याचा सा गुणगुणून धरा, मग खुंट्या पिळा.