संगणक म्हणतो, 'फाइल बदलली आहे'

घरात संगणक एकच असतो आणि त्यावर सगळ्यांचे काम चालते. मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, अब्बूंची बँक. अशा संगणकावर एके दिवशी विंडोज डिफेंडरची लाल खूण उमटते: 'होस्ट्सफाइलहायजॅक', धोका गंभीर. मग घाबरून संगणक बंद केला जातो, नाही तर समोर दिसेल ते बटण दाबले जाते. आम्हाला दोन्ही पटत नाही. आधी 'होस्ट्स' ही फाइल काय आहे ते पाहू.

पूर्वी घरातल्या फोनजवळ नंबरांची एक डायरी असायची. नंबर हवा असला की आधी डायरी, त्यात नसेल तर बाहेर चौकशी. होस्ट्स ही संगणकाची तशीच डायरी. आपण बँकेचे नाव टाइप केले की विंडोज आधी इथे पाहते, मग इंटरनेटवर विचारते. कोणी डायरीतला नंबर बदलला, तर नाव अचूक लिहूनही आपण ठगाच्या पानावर पोहोचतो. अशा वेळी ब्राउझर बहुधा प्रमाणपत्राचा इशारा देतो. त्याला डावलून पुढे जाऊ नका.

पण प्रत्येक बदल चोरीचा नसतो. मुलांसाठी काही साइट बंद करायला, जाहिराती अडवायला लोक स्वतःच ही फाइल बदलतात. २०२० च्या जुलैअखेरीस डिफेंडर मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे सर्व्हर अडवणाऱ्या ओळींवरही हाच इशारा देऊ लागला. त्या ओळी मालकानेच लिहिल्या होत्या! दुसरे कारण आपल्याकडे नेहमीचे. पेनड्राइव्हमधून फुकट सॉफ्टवेअर 'टाकून देणारा' मुलगा कंपनीची तपासणी अडवायला इथे गुपचूप ओळी घालून जातो. त्याने आणखी काय घातले, हे त्याला तरी ठाऊक असते का?

फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने सापडते आणि नोटपॅडमध्ये उघडते. # ने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात, आणि कोऱ्या विंडोजमध्ये सगळ्या ओळी तशाच असतात. बाकीच्या ओळींत डावीकडे आकडा, उजवीकडे साइटचे नाव. आकडा १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असेल तर ती साइट फक्त अडवलेली आहे. मात्र त्यासमोर अँटिव्हायरस कंपनीचे नाव दिसले तर सावध व्हा. अपडेट मिळू नये म्हणून व्हायरस असे करतात. आणि बँकेच्या किंवा ईमेलच्या नावासमोर वेगळाच आकडा असेल, तर इंटरनेट तोडा, अँटिव्हायरसला फाइल साफ करू द्या, पूर्ण स्कॅन करा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. साफसफाईत फाइल मूळ रूपात येते, म्हणजे मुलांसाठी घातलेली बंदीही जाते. ती पुन्हा लिहावी लागेल.

अँटिव्हायरसही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची 'एसव्हीसीहोस्ट' ही स्वतःची फाइलच व्हायरस ठरवली, आणि जगभर हजारो संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. म्हणून एक्सई किंवा डीएलएल प्रकारच्या सिस्टम फाइलवर बोट दाखवले गेले, तर ती हाताने पुसू नका. क्वारंटाइनमध्ये राहू द्या, अँटिव्हायरस अपडेट करून पुन्हा तपासा. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएफसी /स्कॅननाऊ' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. बिघडलेल्या फाइलच्या जागी विंडोज जपून ठेवलेली प्रत बसवते. कुठल्याशा साइटवरून डीएलएल आणून चिकटवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे.

आणि इशाऱ्यासोबत भोंगा वाजत असेल, 'या नंबरवर फोन करा' असे लिहिले असेल, तर तो अँटिव्हायरस नव्हेच. ब्राउझर बंद करा आणि जेवायला बसा.